जहाजावरचं ऑनलाइन ट्रेनिंग : टॅबवर काय, डेकवर काय?

खाडीपार
किनारी वाहतुकीच्या एका बल्क कॅरियरसाठी (सुटा माल नेणाऱ्या जहाजासाठी) वर्षभराचा ट्रेनिंगचा तक्ता करायचा आहे. क्रू २० जणांचा, त्यातले बरेचसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. ऑनलाइन मॉड्यूल घेतलेली आहेत. ती जहाजावरच्या सर्व्हरवर चालतात आणि बंदरात नेट मिळालं की निकाल ऑफिसला जातात. गेल्या तिमाहीत 'पूर्ण' झाल्याचा आकडा ९७ टक्के होता. बंदरातल्या तपासणीत मात्र हवेतले वायू मोजणारा गॅस मीटर हातात दिल्यावर तिघांपैकी एकालाही तो सुरू करून नळी जोडता आली नाही.

कोणता विषय स्क्रीनवर सोडायचा, कोणता नाही, हे कसं ठरवावं? या मॉड्यूलमुळे बेसिक सेफ्टीचा रिफ्रेशर कोर्स टळतो का? आणि हे सगळं करायला क्रूला वेळ कोणता द्यायचा?

डोलकाठी
मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात गोंधळ फार आहे. नाही, टळत नाही.

कंपनीचं मॉड्यूल आणि एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी. मॉड्यूलचा कागद हा आयएसएमखाली (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेखाली) कंपनीने ठेवलेला रेकॉर्ड. बेसिक सेफ्टीचं सर्टिफिकेट मान्यताप्राप्त संस्थेचंच लागतं. पर्सनल सर्व्हायव्हल आणि फायर फायटिंग या दोन भागांत आपली क्षमता टिकून असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो (२०१० च्या मनिला सुधारणांपासून).

यातला काही भाग जहाजावर केलेला चालतो, पण 'जहाजावर' म्हणजे 'टॅबवर' नव्हे. लाइफजॅकेट चढवणं, होडीत शिरल्यावरच्या पहिल्या हालचाली, ड्रोग (होडीला स्थिर धरणारा तरंगता नांगर) सोडणं, धूर भरलेल्या जागेत बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच) लावून माणूस बाहेर काढणं, हे जहाजावर करून दाखवता येतं. त्यातही प्रशासनाची मान्यता हवी. उंचावरून पाण्यात उडी, उलटी पडलेली राफ्ट (फुगवता येणारा जीवरक्षक तराफा) सरळ करणं, लाइफजॅकेट घालून पोहणं आणि खरी आग विझवणं हे किनाऱ्यावरच्या तलावात आणि फायर ग्राउंडवरच.

एक बदल तक्त्यात लिहून ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून पीएसएसआरच्या (बेसिक सेफ्टीतल्या वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारीच्या भागाच्या) अभ्यासक्रमात छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा, त्याला तोंड देण्याचा भाग आला आहे. याचा व्हिडिओ दाखवून मोकळं होऊ नका. तक्रार जहाजावर कोणाकडे करायची, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच वरिष्ठ असेल तर किनाऱ्यावर कोणाला कळवायचं, ती नावं आणि नंबर मेसरूममध्ये लावलेले हवेत.

बिल्ज_अलार्म
खाडीपार, तुमच्या गॅस मीटरच्या उदाहरणातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्या विषयात हात चुकला की माणूस जातो, तो विषय स्क्रीनवर सुरू होऊ शकतो, संपू शकत नाही. बंदिस्त जागेचंच बघा, म्हणजे टाकीसारखी जागा, जिथे आत जाण्याआधी हवा तपासावी लागते.

मॉड्यूल सांगतं की ऑक्सिजन २१ टक्के हवा, ज्वलनशील वायू तपासा, विषारी वायू तपासा. बरोबर उत्तरावर टिचकी मारली की हिरवी खूण. आता प्रत्यक्षात काय चुकतं ते पाहा.

मीटर सुरू केला की तो स्वतःला ताज्या हवेत शून्यावर आणतो. माणूस टाकीच्या व्हेंटपाशी उभा राहून तो सुरू करतो आणि मीटर तिथल्या घाण हवेलाच ताजी हवा समजतो. त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग फसवं. म्हणून सुरू करायचा वाऱ्याच्या बाजूला, उघड्या डेकवर. पंपाचा आवाज ऐकायचा आणि नळीचं टोक अंगठ्याने दाबून धरायचं. पंप अडल्याचा अलार्म वाजला नाही तर नळी कुठेतरी गळते आहे, म्हणजे तुम्ही टाकीतली नव्हे, डेकवरची हवा मोजता आहात.

दुसरी चूक घाईची. नळीतून हवा वर यायला वेळ लागतो. नळीच्या दर मीटर लांबीला किती सेकंद हा आकडा गॅस मीटरच्या पुस्तिकेत असतो. तीन सेकंद धरले तर १५ मीटर नळीला ४५ सेकंद, आणि सेन्सर स्थिर व्हायला आणखी साधारण मिनिटभर. वर, मध्ये, तळाशी अशी तीन रीडिंग म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. परमिटवर तिन्ही रीडिंगची वेळ ०९:०० असेल तर ती घेतलेली नाहीत, एवढं निश्चित.

तिसरी बहुतेक मॉड्यूलमध्ये नसतेच. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असलेल्या जागेत तो 'शून्य' दाखवेल आणि टाकी वायूने भरलेली असेल. त्यामुळे नजर आधी ऑक्सिजनच्या आकड्यावर.

मधली_पाळी
@बिल्ज_अलार्म, एक शंका. मीटर ऑक्सिजन २०.४ दाखवतो, अलार्म वाजत नाही. आत जायचं की नाही? बरेच जण म्हणतात अर्ध्या टक्क्याने काय होतं.

बिल्ज_अलार्म
अर्ध्या टक्क्याचा हिशेब मांडू. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा, नेमका २०.९ टक्के. दुसऱ्या वायूने हवा ढकलली म्हणून तो ०.५ ने घटला असेल, तर एकूण हवेपैकी सुमारे २.४ टक्के जागा त्या वायूने घेतली. २.४ टक्के म्हणजे २४,००० पीपीएम (दहा लाखांत २४,००० भाग). हायड्रोजन सल्फाइड १००० पीपीएमच्या आसपास माणसाला काही श्वासांत खाली पाडतो.

दरवेळी तसंच असेल असं नाही. गंज चढताना ऑक्सिजन नुसता खाल्लाही जातो. बॅलास्ट टाकी (जहाज स्थिर ठेवणाऱ्या पाण्याची) आणि चेन लॉकरमध्ये (नांगराच्या साखळीच्या खोलीत) हेच होतं, कोळसा किंवा लाकडाचा माल असलेल्या होल्डमध्ये (मालाच्या खणात) आणि होल्डच्या शिडीच्या बंद खोपच्यातही हेच. पण कारण कळेपर्यंत आत पाऊल नाही. हवा खेळवा, पंखे थांबवा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा.

अलार्मचं म्हणाल, तर ऑक्सिजनचा अलार्म बहुतेक मीटरवर १९.५ ला लावलेला असतो आणि ज्वलनशील वायूचा त्याच्या खालच्या ज्वलनमर्यादेच्या (याहून कमी प्रमाणात वायू पेटत नाही) १० टक्क्यांवर. आत जायची आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) मर्यादा मात्र त्याच ज्वलनमर्यादेच्या १ टक्का आहे आणि विषारी वायूंसाठी कामाच्या ठिकाणच्या मर्यादेच्या निम्मी. मीटर गप्प आहे याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही.

खाडीपार
हा १० आणि १ चा फरक आमच्या मॉड्यूलमध्ये कुठेच नाही. तक्त्यात घालतो.

डोलकाठी
घालाच. आणि बंदिस्त जागेत प्रवेश व बचावाचा ड्रिल सोलासप्रमाणे (समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार) दर दोन महिन्यांनी आहे, १ जानेवारी २०१५ पासून. मॉड्यूल त्या ड्रिलच्या आदल्या आठवड्यात लावा. आज मॉड्यूल आणि चार महिन्यांनी ड्रिल असं झालं की दोन्ही फुकट.

ड्रिलमध्ये एक गोष्ट जरूर मोजा : मॅनहोल. जुन्या जहाजांवर ते ६०० × ४०० मिलिमीटरचं सर्रास असतं. पाठीवर सिलिंडर बांधलेला धिप्पाड माणूस त्यातून जातो का, आणि स्ट्रेचरला बांधलेला बेशुद्ध माणूस उभा वर येतो का? कागदावरचा बचाव आराखडा इथेच अडकतो. खरा माणूस उतरवू नका, ७०-७५ किलोचा पुतळा वापरा. वर ट्रायपॉड रोवायला जागा नसेल तर दोर कुठल्या पॅडआयवरून (डेकला जोडलेल्या कडीवरून) घ्यायचा ते आधी ठरवून तिथे रंगाची खूण करा.

आगवाला
बीए सेटवर थोडं. मॉड्यूल म्हणतं '४५ मिनिटं'. हा आकडा सहा लिटरचा सिलिंडर, ३०० बार दाब आणि मिनिटाला ४० लिटर हवा असा येतो : १८०० भागिले ४०. तेवढा वेळ आत राहता येईल असं समजणारा माणूस धोक्यात आहे.

खरा हिशेब असा. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे कामाचे २४५ बार, १४७० लिटर. होज ओढत, जिने चढत माणूस ६० लिटर सहज ओढतो. झाली साडेचोवीस मिनिटं. सिलिंडर सरावात थोडा वापरून २४० वर ठेवलेला असेल तर साडेअठरा. शिट्टीनंतर उरते ३३० लिटर, म्हणजे साडेपाच मिनिटं. इंजिन रूमच्या तळाच्या प्लेटपासून डेकवर यायला जिन्याने किती वेळ लागतो? घड्याळ लावून, सेट घालून, एकदा चढून बघायला लावा. तो आकडा बीए कंट्रोल बोर्डवर लिहा. शिट्टीची वाट न बघता किती बारला परत फिरायचं ते त्यावरून ठरतं.

दाढीचाही प्रश्न आहे. मास्कच्या कडेला केस आले की सील बसत नाही. पॉझिटिव्ह प्रेशर (मास्कच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब) असल्याने धूर सहसा आत येत नाही, पण हवा सतत बाहेर गळते आणि वरची सगळी मिनिटं घटतात. तपासायला मास्क लावा, सिलिंडर बंद करा, आहे ती हवा ओढून घ्या. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे.

ईईबीडी (सुटकेचं श्वसनयंत्र) म्हणजे छोटा बीए सेट हा गैरसमज स्क्रीनवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवल्याने वाढतो, असं माझं मत. ते निदान दहा मिनिटांचं, फक्त बाहेर पळण्यासाठी. ते घालून कोणी आत शिरायचं नाही, आग विझवायला नाही आणि मित्राला काढायला तर नाहीच.

मधली_पाळी
+१. 'मित्राला काढायला नाहीच' हे मेसरूमच्या दारावर लावा. बंदिस्त जागेत पहिला माणूस जातो मीटर न लावल्यामुळे, दुसरा जातो पहिल्याला बघून.

आता वेळेबद्दल. ऑफिसातल्यांना वाटतं मॉड्यूल म्हणजे विरंगुळा, जेवणानंतर करतील. १२ ते ४ ची पाळी धरा :

००–०४ वॉच
०९–१२ ओव्हरटाइम
१२–१६ वॉच
१७–१९ मॉड्यूल

विश्रांती ०४–०९ पाच तास, १६–१७ एक तास, १९–२४ पाच तास. बेरीज ११, म्हणजे २४ तासांत किमान १० चा नियम पाळला असं वाटतं. पण विश्रांतीचे दोनच तुकडे चालतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. इथे सहाचा तुकडाच नाही. मॉड्यूल काढून टाका : १६–२४ सलग आठ तास मिळतात, सगळं नियमात. म्हणजे नियम मोडला तो नेमका सुरक्षेच्या मॉड्यूलने! मग रेस्ट अवर्सच्या तक्त्यात ते दोन तास 'विश्रांती' म्हणून भरले जातात आणि तिमाहीला ९७ टक्के दिसतात.

कंपनीने सक्तीचं केलेलं मॉड्यूल हे काम आहे, ते कामाच्या रकान्यातच जावं. त्याच दिवसाच्या ओव्हरटाइममधून वेळ काढा. वरच्या उदाहरणात ०९–१२ पैकी दोन तास मॉड्यूल, एक तास रंगकाम. पेंट थांबेल. थांबू दे.

खाडीपार
मेटसाहेबांना (चीफ ऑफिसरना) हे पटवणं अवघड आहे :) पण घड्याळाचं गणित दाखवलं तर ऐकतील.

सारंग
भाषेचं कोणीच बोललं नाही. मॉड्यूल इंग्रजीत, प्रश्नही इंग्रजीत, त्यात 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही' असली उलटी वाक्यं. वीस वर्षं डेकवर काढलेला एबी (अनुभवी खलाशी) तिथे नापास होतो आणि लाइफबोटीचा हूक कधी न बघितलेला कॅडेट शंभर टक्के मिळवतो. यात इंग्रजीची परीक्षा झाली, सुरक्षेची नाही. मग उत्तरांचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

यावर चालणारी पद्धत : मॉड्यूल मेसरूमच्या टीव्हीवर सहा-सात जणांच्या गटाने बघायचं. बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत किंवा हिंदीत समजवायचं, आणि प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न : 'हे आपल्या जहाजावर कुठे आहे?' उत्तर बोटाने दाखवायचं. परीक्षा प्रत्येकाने वेगळी द्यायची, पण प्रश्नाचा अर्थ विचारायला मुभा.

समजावणं आपल्या भाषेत, ऑर्डर मात्र जहाजाच्या कामकाजाच्या भाषेतच. दोरावर एक जण 'हबेस' (ओढा), दुसरा 'हीव्ह अप' (वर घ्या) आणि तिसरा 'आरिया' (खाली सोडा) म्हणाला की विंचवाल्याने काय करायचं? ऑर्डरचे दहा-बारा शब्द ठरवून ते सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कुकसकट.

डोलकाठी
सारंगशी पूर्ण सहमत. आणि तपासणीचा कलही तिकडेच आहे. टँकरवर २ सप्टेंबर २०२४ पासून सायर २.० ही तपासणी पद्धत लागू आहे. त्यात इन्स्पेक्टर फाइल बघून थांबत नाही, त्या कामाच्या माणसाला उभं करून 'हे कसं वापरता, दाखवा' म्हणतो. तुमचा बल्क कॅरियर आहे, तुम्हाला ते लागू नाही, पण तुमच्या तिघांच्या हातात मीटर दिला गेला तो याच विचाराने.

बोया
लाइफबोट आणि राफ्ट यांच्याबद्दल दोन मुद्दे, दोन्ही स्क्रीनवर नीट कळत नाहीत असे.

लाइफबोटीचा हूक वरून बंद दिसतो, पण आतला कॅम (हूक अडकवून धरणारा फिरता भाग) पूर्ण फिरलेला नसतो. होडी वर उचलताना वजन येतं आणि हूक सुटतो. म्हणून रीसेट केल्यावर दोन्ही टोकांना प्रत्यक्ष जाऊन खूण जुळली का ते बघायचं, हँडल जागेवर आणि सेफ्टी पिन आत आहे ना ते बघायचं, मगच ताण घ्यायचा. पहिली फेरी रिकामी होडी खाली-वर करून, मग माणसं. वर घेताना डेव्हिटचा (होडी खाली-वर करणाऱ्या क्रेनचा) लिमिट स्विच आधी हाताने दाबून विंच थांबते का ते तपासा आणि शेवटचा टप्पा मोटरवर न नेता हँडलने फिरवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे हूक वेगवेगळ्या तऱ्हेने रीसेट होतात. मॉड्यूलमधला हूक तुमचा नसण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या हूकचे चार फोटो काढून, त्यावर बाण मारून ते होडीतच लॅमिनेट करून लावा.

राफ्टचं हायड्रोस्टॅटिक युनिट. जहाज बुडताना साधारण दीड ते चार मीटर खोलीवर ते पट्टा कापतं, राफ्टचा डबा वर येतो, पेंटर (राफ्टला जोडलेला दोर) ओढला जाऊन राफ्ट फुगते आणि मग वीक लिंक (मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा) तुटून ती मोकळी होते. वीक लिंक सुमारे २.२ किलोन्यूटनला तुटते, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. आता कोणीतरी 'मजबूत हवं' म्हणून पेंटर थेट डेकच्या रिंगला शॅकलने अडकवतो. झालं, राफ्ट फुगेल आणि जहाजाबरोबर तळाला जाईल. उलट, पेंटर कुठेच बांधला नाही तर हाताने राफ्ट टाकताना ती फुगणार नाही आणि वाहून जाईल. पेंटर वीक लिंकमार्फतच डेकला. बदलून टाकायच्या प्रकारच्या युनिटवर दोन वर्षांची मुदत आणि बसवल्याचा महिना-वर्ष खुणावलेलं असतं, ते रंगाखाली गेलेलं नाही ना बघा.

याची परीक्षा सोपी आहे. चौघांना चार राफ्टपाशी पाठवा आणि पेंटर कसा बांधलाय त्याचं कागदावर चित्र काढून आणायला सांगा. चित्र चुकलं तर एकतर माणूस चुकलाय किंवा राफ्ट. दोन्ही कळलेलं बरं.

पासवर्ड_विसरलो
अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. ऑनलाइन ट्रेनिंग म्हटलं की सायबरचं मॉड्यूल असतंच, कारण २०२१ पासून सायबर धोक्याची दखल एसएमएसमध्ये (कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थापन पद्धतीत) घ्यावी लागते. त्यात 'अनोळखी लिंक उघडू नका' एवढंच असतं. जहाजावर लिंक अनोळखी नसते, बंदरातल्या एजंटच्या नावाने येते : पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे आणि आत 'आमचं बँक खातं बदललंय'. उत्तर त्याच मेलवर द्यायचं नाही, आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा.

ब्रिजवर दोन नियम. एक्डिसच्या (इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशाच्या) अपडेटचा पेन ड्राइव्ह वेगळ्या रंगाचा, फक्त त्याच कामाचा, आणि नेटवर्कला न जोडलेल्या संगणकावर स्कॅन करूनच लावायचा. एक्डिसच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज करायचा नाही, कोणाचाच नाही, कॅप्टनचाही नाही. आणि मॉड्यूलसाठीचे टॅब क्रूच्या वाय-फायवर ठेवा, जहाजाच्या कामाच्या नेटवर्कवर नको.

मांडवी_बंदर
वाचतोय, फार उपयुक्त. आमच्याकडच्या मच्छीमार बोटींना यातलं काही लागू होतं का?

डोलकाठी
एसटीसीडब्ल्यूतून मासेमारी बोटी वगळलेल्या आहेत, त्यांच्यासाठी एसटीसीडब्ल्यू-एफ हा वेगळा करार आहे. पण वायूला हे करार माहीत नसतात. माशांचा खण बंद ठेवला, आत कुजलेली मासळी आणि खाली साचलेलं पाणी असलं की ऑक्सिजन घटतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास आला आणि थोड्या वेळाने 'गेला' असं वाटलं तर वास गेलेला नाही, नाक बधिर झालं आहे. मीटर नसेल तर निदान इतकं : झाकणं सगळी उघडायची, हवा भरपूर खेळू द्यायची, एकट्याने उतरायचं नाही, वर उभा असलेला माणूस काहीही झालं तरी खाली उतरणार नाही. आणि हे करूनही खात्री मिळत नाही. त्या भागातल्या सोसायटीने मिळून एक चार वायूंचा मीटर घेणं परवडेल.

खाडीपार
सगळ्यांचे आभार. तक्त्याचा कच्चा खर्डा असा : दर महिन्याला एकच विषय. पहिल्या आठवड्यात गटाने मॉड्यूल, ओव्हरटाइमच्या वेळात. दुसऱ्या आठवड्यात त्याच सामानापाशी वीस मिनिटं, प्रत्येकाने हाताने. तिसऱ्यात ड्रिल. 'पूर्ण'ची खूण मॉड्यूल संपल्यावर नाही, हाताने करून दाखवल्यावर, आणि सही बघणाऱ्याची. पहिला महिना गॅस मीटर.

बिल्ज_अलार्म
ठीक आहे, पण आग आणि जहाज सोडण्याचे ड्रिल प्रत्येकाला महिन्यातून एकदा आहेतच, ते या चक्राने मागे पडू देऊ नका. आणि क्रू बदलला, पाव हिश्शाहून जास्त लोकांनी मागच्या महिन्यात या जहाजावर ड्रिल केलेला नसेल, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांच्या आत दोन्ही ड्रिल. तिथे तक्ता बघत बसायचं नाही.

मीटरच्या महिन्याआधी कॅलिब्रेशन गॅसच्या बाटलीची तारीख बघा. बाटली मुदतबाह्य असेल तर बंप टेस्ट (माहीत असलेला वायू सोडून मीटर चालतो का ते पाहणं) शिकवता येणार नाही, आणि ती मागवायला पुढचं बंदर लागेल.

खाडीपार
बघितली. दोन महिन्यांपूर्वी संपली आहे. आजच इंडेंट (मागणीपत्र) टाकतो.